डाव्या पायाचं शेवटचं पेर

काशीतल्या चौकातल्या घड्याळांच्या दुकानात ढुंढिराज पुणतांबेकरांनी आठ वर्षं काढली. दुर्गाघाटावरच्या त्यांच्या घरात पूजापाठाचं काम पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं. पण यजमान सांभाळायला दोन मोठे भाऊ होते, आणि धाकट्याचा आवाज मंत्रांना साजेसा नाही असं वडिलांचं मत होतं. हात मात्र असा की बायकांच्या घड्याळातला जो स्क्रू दुसऱ्याला भिंग लावूनही दिसायचा नाही, तो ते चिमट्यानं सहज बसवायचे.

एके दिवशी दुकानात आठल्ये सर आले. मूळचे नागपूरचे, शहरातल्या एका जुन्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायचे. त्यांच्या मायक्रोस्कोपची फोकस करायची बारीक चकती अडकली होती आणि कंपनीचा माणूस लखनौहून यायला महिना लागणार होता. ढुंढिराजांनी ती अर्ध्या तासात उघडली, पुसली, बसवली. तेवढ्या वेळात सर नुसते त्यांच्या बोटांकडे बघत होते.

“माझ्याकडे काम कराल?” शेवटी ते म्हणाले. “प्रयोगशाळा सहायकाची जागा रिकामी आहे.”

“मला सायन्स येत नाही, सर. इंटर झालोय, तेही आर्ट्सनं.”

“सायन्स मला येतं. मला हात पाहिजेत.”

सरांच्या खोलीत एक लोखंडी कपाट होतं, त्यात नव्वदेक बाटल्या. तरुणपणी सर एका संशोधन जहाजावर दोन महिने राहिले होते. अरबी समुद्रात तीन-तीन हजार मीटर खोल जाळी सोडून जे वर आलं, ते फॉर्मॅलिनमध्ये घालून त्यांनी रेल्वेनं काशीला आणलं होतं. डिपार्टमेंटमध्ये त्यावरून चेष्टा चालायची. घराशेजारची गंगा सोडून हा माणूस समुद्राच्या तळाचे किडे घेऊन बसलाय, असं लोक तोंडावर म्हणायचे.

किडे नव्हते ते. कोपेपॉड होते, कोळंबी-खेकड्यांच्या नात्यातले, तांदळाच्या कणीएवढे जीव. कोपेपॉड म्हणजे ज्याचे पाय वल्ह्यांसारखे आहेत असा. अंगाचा पुढचा भाग लांबट-गोल, मागचा शेपटीसारखा अरुंद. डोक्यावरून मिशांसारख्या दोन लांब शृंगिका निघतात, त्या कधीकधी सगळ्या अंगाहून मोठ्या असतात. तोंडाभोवती चावायचे, गाळायचे, धरायचे अवयव. त्यांच्या मागे पोहायच्या पायांच्या चार जोड्या आणि सगळ्यात शेवटी पाचवी. प्रत्येक पायाला पेरं, पेरांवर केस आणि काटे. बाहेरच्या कडेला काटा एक की दोन, पेरं सुटी की जुळलेली, यावरून हा प्राणी कोणत्या कुळातला, कोणत्या प्रजातीतला, कोणत्या जातीतला हे ठरतं. नुसतं वरून बघून काही कळत नाही. सगळे पाय एकेक करून सोडवावे लागतात.

ते सोडवण्याचं काम ढुंढिराजांचं. टंगस्टनच्या तारेच्या सुया घासून घासून ते केसाहून बारीक करायचे. काचेवर ग्लिसरिनचा थेंब, थेंबात तो जीव, एका हातातल्या सुईनं त्याला दाबून धरायचं आणि दुसरीनं पाय मुळापासून कापायचा. मग पाय वेगळ्या काचेवर, वर पातळ झाकणकाच, कडेनं नेलपॉलिश. मायक्रोस्कोपला आरसा जोडला की दिसणारी आकृती शेजारच्या कागदावर पडायची. तिच्यावरून पेन्सिल फिरवायची आणि नंतर शाई. दोन वर्षांत सर त्यांना काही सांगेनासे झाले. उलट विचारायला लागले.

“नर फार कमी सापडतात, सर,” ढुंढिराज एकदा म्हणाले. “पन्नास माद्यांमागे एक.”

“खोल पाण्यातल्या पुष्कळ जातींत मोठ्या झालेल्या नराचे तोंडाचे अवयव झडल्यासारखे होतात. पाहिलंत ना तुम्ही? चावायला काही उरतच नाही. खाणं बंद. अंगात जेवढं साठवलंय तेवढ्यावर अंधारात मादी शोधायची आणि मरायचं.”

ढुंढिराजांनी सुई खाली ठेवली. “किती दिवस जगत असेल?”

“कुणी पाहिलंय? म्हणून तर घोळ होतो. नर आणि मादी दिसायला इतके वेगळे, की एका पुस्तकात मादीला एक नाव असतं आणि दुसऱ्या पुस्तकात तिच्याच नराला दुसरं.”

नर ओळखायचा तो पाचव्या पायांवरून. त्याचा डावा पाय एक तऱ्हेचा, उजवा दुसऱ्या. एकानं तो मादीला पकडतो, दुसऱ्यानं बीजाची इवलीशी पिशवी तिच्या अंगाला चिकटवतो. त्या पायाच्या टोकाला काय आहे यावर आयुष्यभर भांडलेले विद्वान आहेत, असं सर सांगायचे.

नोकरीच्या नवव्या वर्षी, जानेवारीत, एक्केचाळीस नंबरच्या बाटलीत तसा एक नर निघाला. एकटाच. सर दिवसभर पुस्तकं चाळत होते आणि तो कशातच बसत नव्हता. संध्याकाळी ते म्हणाले, “उद्या सोडवा. हा नवीन आहे.”

दुसऱ्या दिवशी धुकं दुपारपर्यंत उठलं नाही. खोलीत हीटर नव्हता. ढुंढिराजांनी तो जीव आधी कुशीवर ठेवून पाहिला. डाव्या पायाच्या टोकाला काहीतरी दुभंगल्यासारखं दिसलं, किंवा मागच्या एखाद्या केसाची सावली तिथं पडली असेल. नीट बघू म्हणून त्यांनी पाय कापायला घेतला आणि गारठलेलं बोट किंचित हललं. डाव्या पायाचं शेवटचं पेर सुईवरून उडालं.

त्यांनी काच शोधली, टेबल शोधलं, सुया धुऊन ते पाणी मायक्रोस्कोपखाली घातलं, स्वतःच्या स्वेटरची बाही भिंगाखाली धरली. चार वाजता ते सरांसमोर जाऊन उभे राहिले.

“गेलं, सर.”

सरांनी समोरचं पुस्तक मिटलं. मग म्हणाले, “कापायच्या आधी पाहिलं होतंत ना तुम्ही?”

“पाहिल्यासारखं वाटतं.”

“काय होतं?”

“दोन टोकं होती, असं वाटतं. काट्याच्या चमच्यासारखी.”

“मग तसं काढा.”

“पण सर—”

“ढुंढिराज, तुमची नजर कधी चुकलेली मी पाहिली नाही. काढा.”

त्यांनी काढलं. सफाईनं, शाईच्या एका रेषेत, इतर सगळ्या पायांसारखंच. लेखात ते पेर हरवल्याचा उल्लेख आला नाही. परदेशातल्या एका नियतकालिकात तो छापला तेव्हा त्या दुभंगलेल्या टोकावर सरांनी नवी प्रजाती उभी केली होती. प्रजातीला नाव काशिकॅलॅनस. आणि जातीचं नाव, सरांनी ते कुणाला आधी सांगितलंच नव्हतं, ढुंढिराजी.

हिंदी पेपरात बातमी आली. घरी येणारे यजमानसुद्धा विचारायला लागले. ज्या वडिलांनी त्यांच्या आवाजाला नावं ठेवली होती, त्यांनी लेखाचा तो कागद देवघरात नेऊन ठेवला. बायको सीता शेजारणींना सांगायची, “ह्यांच्या नावाचा प्राणी आहे, बरं का, समुद्रात.” ढुंढिराज काही बोलायचे नाहीत. बायकोला वाटायचं, विनय आहे.

पुढं सर निवृत्त झाले. तरी आठवड्यातून दोनदा येऊन त्याच खोलीत बसायचे. विभागप्रमुख झाले डॉ. सुमंत, सरांचेच विद्यार्थी. त्यांची सगळी पीएच. डी. काशिकॅलॅनसचं नातं कुणाशी, याच विषयावर.

सुमंत सरांकडे रुची संशोधनाला आली. वडील रेल्वेत, भुसावळहून बदली होऊन आलेले. मुलगी बारावीपासून इथलीच, त्यामुळे बोलणं अर्धं मराठी, अर्धं हिंदी. पहिल्या दिवशी सुई धरायला शिकवताना ढुंढिराजांनी तिचे हात पाहिले आणि त्यांना मनातून बरं वाटलं. असे हात त्यांनी दुसऱ्या कुणाचे पाहिले नव्हते. तीन वर्षं ती त्यांच्या शेजारच्या स्टुलावर बसली. डबा उघडला की आधी त्यांच्यापुढं करायची.

एका मोहिमेतून तिला नव्या बाटल्या मिळाल्या होत्या, त्याच समुद्रातल्या, तेवढ्याच खोलीवरच्या. एका दुपारी ती उठून त्यांच्याजवळ आली.

“काका, एक मिनिट बघता का? मला कुछ समजत नाहीये.”

काचेवर पाचव्या पायांची जोडी होती. उजवा पाय त्यांनी पाहताक्षणी ओळखला. तो त्यांनीच वीस वर्षांपूर्वी काढला होता, पेरन्‌पेर. डाव्या पायाचं शेवटचं पेर मात्र आखूड, बोथट, साधं गोल होतं. दोन टोकं नव्हतीच.

“असे किती आहेत?” त्यांनी विचारलं.

“अकरा नर. अकराच्या अकरा असेच. आणि काका, यांच्याबरोबर ज्या माद्या आल्यात ना, त्यांना तर शंभर वर्षांपूर्वीच नाव दिलेलं आहे. मतलब ही नवी प्रजाती नाहीच. हा त्यांचाच नर आहे.” ती एकदम थांबली. “तुमचं नाव जाईल ना पण.”

“नावाचं काय एवढं,” ते म्हणाले.

सांगायचं तर ते तिथंच सांगता आलं असतं. स्टुलावर बसल्या बसल्या, दोन वाक्यांत. त्यांना वाटलं, आधी सरांच्या कानावर घालू. सर त्या महिन्यात आजारी होते. मग वाटलं, पोरगी हुशार आहे, तिचं ती सिद्ध करेल.

तिच्या सेमिनारला डॉ. सुमंत होते, बाहेरचे दोन प्राध्यापक होते, आणि हातात काठी घेऊन आठल्ये सर पहिल्या रांगेत. रुचीनं चांगलं मांडलं. ती बसायच्या आतच सुमंत म्हणाले, “यांचे नमुने कापताना तुटलेत. टोक तुटलं की तिथं बोथटच दिसणार. अकरा वेळा तीच चूक केली तर ती काही नवी माहिती होत नाही.”

“सर, तुटलेलं नाहीये. कडेनं कवच सलग आहे.”

“तीन वर्षांच्या अनुभवावर सांगताय?”

आठल्ये सर हळूच म्हणाले, “आपल्याकडे तीस वर्षांचा अनुभव असलेला माणूस आहे की. ढुंढिराज, बघा जरा.”

ढुंढिराज मागच्या दारापाशी उभे होते. ते पुढं आले, वाकले, भिंगाला डोळा लावला. फोकस करायचीसुद्धा गरज नव्हती. पेराची कड सुरुवातीपासून शेवटपर्यंत अखंड होती. तुटलेलं कवच कसं चिरफाळतं ते त्यांच्याइतकं कुणाला माहीत नव्हतं. डोकं वर केलं तर सर त्यांच्याकडेच बघत होते. त्या नजरेत धमकी नव्हती, विनंतीही नव्हती. उत्तर काय येणार ते माहीत असल्यासारखी नजर होती.

“काय, ढुंढिराज?”

“सांगता येत नाही, सर.”

रुचीनं मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं. रागानं नाही. आपल्या ऐकण्यात काही चूक झाली का, असं.

तिला प्रबंधातलं ते प्रकरण पुन्हा करायला सांगितलं. चौदा महिने तिनं उरलेल्या बाटल्या उपसल्या; एकही नर निघाला नाही. फेलोशिपची मुदत संपली. शेजारच्या स्टुलावर ती रोज बसायची, “नमस्ते काका” म्हणायची, पण काही विचारायची नाही. डबा आपल्याच टेबलावर एकटी खायची. वडिलांची पुन्हा भुसावळला बदली झाली, तेव्हा तिनं नाव काढून घेतलं आणि त्यांच्याबरोबर निघून गेली. जाताना भेटली नाही.

महिन्याभरानं डॉ. सुमंतांनी चपराश्याबरोबर एक लाकडी पेटी पाठवली. स्लाइड धुऊन घ्या, काचा पहिल्या वर्षाच्या पोरांना चालतील, असा निरोप. पेटीत रुचीच्या स्लाइड होत्या. ढुंढिराजांनी त्या बेसिनजवळ नेल्या, नळ सोडला, आणि एक उचलून सवयीनं उजेडात धरली. मग नळ बंद केला. अकराही त्यांनी एकामागून एक पाहिल्या. तिची कापणी त्यांच्यापेक्षा चांगली होती. एकाही पायावर सुईचा ओरखडा नव्हता. तिच्या बोटांवर आरोप झाला होता, आणि ज्याचं बोट खरंच हललं होतं तो माणूस सगळ्यांसमोर “सांगता येत नाही” म्हणाला होता. अकराही स्लाइड पेटीत परत ठेवून त्यांनी ती पेटी घरी नेली.

रविवारी ते सरांच्या घरी गेले. सर आता अंथरुणालाच होते. हातांना कंप सुटलेला, कप दुसऱ्यानं धरावा लागे.

“सर, ते पेर उडालं होतं. एक्केचाळीस नंबरचं. मी अंदाजानं काढलं.”

“कोणतं पेर?”

ढुंढिराजांनी सगळं सांगितलं. धुकं, स्वेटरची बाही, चार वाजता दारात येऊन उभं राहणं. सर डोळे मिटून ऐकत होते.

“असं काही झालेलं मला आठवत नाही,” ते म्हणाले. “तुम्ही चित्र आणून दिलंत, मी विश्वास ठेवला. एवढंच आठवतं.”

“तुम्हीच ‘काढा’ म्हणालात, सर.”

“मी तुम्हाला घड्याळांच्या दुकानातून उचलून आणलं, ढुंढिराज. माझं नाव नाही दिलं त्या प्राण्याला, तुमचं दिलं.” त्यांचा आवाज चढला नाही. “आता मरताना माझं एक काम तरी राहू द्या.”

ढुंढिराज जिने उतरून खाली आले. सर खरंच विसरले होते की आठवायचं नाकारत होते, हे त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही.

त्यांची मुलगी मैत्रेयी शाळेत इंग्रजी शिकवते. तिच्याकडून त्यांनी नियतकालिकाच्या संपादकांना पत्र लिहून घेतलं. ते मराठीत सांगत, ती टाइप करी. ‘मी शेवटचं पेर पाहिलं नव्हतं’ या वाक्यापाशी तिचा हात थांबला.

“बाबा, हे गेलं की कॉलेजात तुमचं काय होईल?”

“लिही तू.”

सीता दारात उभी होती. ती म्हणाली, “आणि हे इतकी वर्षं घरातसुद्धा नाही सांगितलंत?” मग आत निघून गेली. त्यानंतर कितीतरी दिवस ती कामापुरतं बोलत होती. देवघरातला तो कागद तिनंच काढला. कुठं ठेवला ते ढुंढिराजांनी विचारलं नाही.

कॉलेजात काय व्हायचं ते झालं. चौकशी बसली. वर्षभरावर आलेल्या निवृत्तीपर्यंत त्यांना स्टोअरमध्ये, बरण्या आणि ॲसिडच्या बाटल्या मोजायला बसवलं. मायक्रोस्कोपच्या खोलीची किल्ली काढून घेतली. चौकशी चालू असतानाच आठल्ये सर वारले. ढुंढिराज घाटावर गेले तेव्हा सरांचा मुलगा पुढं येऊन हात जोडून म्हणाला, “काका, तुम्ही परत जा. आईला बघवणार नाही.” ते लांब पायऱ्यांवर उभे राहिले, आणि चिता पेटल्यावर निघाले.

संपादकांनी पत्र परदेशातल्या एका संग्रहालयाकडे पाठवलं होतं. तिथल्या तज्ज्ञ बाईंनी मूळ स्लाइड मागवून घेतली, मैत्रेयीला पत्र लिहून रुचीच्या अकराही स्लाइड मागितल्या, आणि उत्तर आलं: रुचीचं म्हणणं बरोबर आहे. टिपण लिहिते आहे. रुचीचं नाव लेखिका म्हणून घालायला मला आवडेल, तिची संमती मिळवून द्याल का?

नंबर मिळवायला आठ दिवस गेले. ढुंढिराजांनी दुपारी फोन लावला.

“रुची, मी ढुंढिराज काका. काशीहून.”

पलीकडं मुलांचा गलका होता. ती बाहेर आली असावी. गलका कमी झाला. “बोला काका.”

त्यांनी सांगितलं. पाठ केल्यासारखं, न थांबता, पेर उडालं तिथपासून संग्रहालयाच्या पत्रापर्यंत.

“म्हणजे तुम्हाला माहीत होतं,” ती म्हणाली. “सेमिनारच्या दिवशी.”

“हो.”

“मला वाटलं, तुम्हाला खरंच दिसलं नाही. वय झालंय, नजर गेली असेल. चौदा महिने मी हेच समजत होते. शेवटी शेवटी तर वाटायला लागलं, माझीच नजर खराब आहे.” ती थांबली. “काका, नुसतं ‘अख्खं आहे’ म्हणायचं होतं. दोन शब्द. बाकी मी केलं असतं.”

“चुकलं माझं.”

“हो.”

“त्या बाई तुझं नाव घालायचं म्हणतात. तू हो म्हण. परत येता येईल तुला. दुसऱ्या कुठल्या—”

“मी इथं कोचिंगमध्ये शिकवते. सकाळी सात ते बारा, पुन्हा चार ते आठ. वडिलांना मागच्या वर्षी ॲटॅक आला. कुठं परत येऊ?” तिचा आवाज आता अगदी सपाट होता. “नाव नको. त्यांना जे लिहायचं ते लिहू दे. आणि काका, तुम्ही पुन्हा फोन करू नका. मला रात्र रात्र झोप लागत नव्हती. आत्ता कुठं लागायला लागलीय.”

“बरं,” ढुंढिराज म्हणाले. फोन आधीच बंद झाला होता.

टिपण पुढच्या वर्षी आलं, पावणेदोन पानांचं. काशिकॅलॅनस ही प्रजाती रद्द. ढुंढिराजी हे नाव शंभर वर्षांपूर्वीच्या त्या मादीच्या नावाखाली, बाद नावांच्या यादीत, बारीक अक्षरात. आकृती रुचीच्या तिसऱ्या स्लाइडवरून काढलेली. तिनं नाव नको म्हटल्यामुळं स्लाइड कुणी केल्या ते लिहिलेलं नव्हतं. ‘वाराणसीहून मिळालेले नमुने’ एवढंच होतं.

मैत्रेयीनं वाचून दाखवलं. ढुंढिराजांनी आकृती खिडकीपाशी नेऊन पाहिली. चित्र फारसं चांगलं नव्हतं. रेषा कुठं कुठं जाड झाली होती. पण डाव्या पायाचं शेवटचं पेर गोल होतं, जसं असतं तसं. त्यांनी कागद मुलीच्या हातात परत दिला आणि भाजी आणायला खाली उतरले.